बाबासाहेबांची राजकारणाची शाळा

बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष स्थापिला व पुढल्याच वर्षी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९४२ मध्ये शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन उभे केले. १९५२ ला मुंबईत व १९५४ ला भंडाऱ्यात ते लोकसभेची निवडणूक हरले. तरी समर्थ विरोधी पक्षावाचून लोकशाही टिकत नाही, ही त्यांची धारणा ढळली नाही. पक्षासाठी अभ्यासू कार्यकर्ते घडावेत म्हणून १९५६ च्या जुलैत त्यांनी मुंबईत चक्क एक शाळा काढली. सिरसाळ्यात मुले घडविणाऱ्या आम्हांस त्यांचे हे कार्य सर्वांत जवळचे. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झाले. शाळा पुढे चालली नाही. त्यांच्या मनातला रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात स्थापन झाला, पण लवकरच गटांत विभागला. ती शाळा टिकती तर कदाचित पक्षही एकसंध राहता, असे आम्हांस वाटते.