पक्षिमित्र जॅक मायनर

पक्ष्यांचे मित्र म्हणून कीर्ति पावलेल्या जॅक मायनर यांचा उमेदीचा काळ पक्षी मारण्यांत गेला, हें वाचून पुष्कळांस नवल वाटेल. त्यांचा जन्म १८६५ सालीं अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत एका गरीब कुटुंबांत झाला. १८७८ सालीं हें कुटुंब कॅनडांत किंग्जव्हिल गांवाजवळ येऊन राहिलें. शाळेचा लाभ जॅकला झाला नाहीं. वीटभट्टीवर राबावें आणि रानांत शिकार करून ती बाजारांत विकावी, असा त्याचा क्रम असे.

१८९८ सालीं शिकारींतील अपघातानें त्यांचा भाऊ टेड मरण पावला. ह्या आघाताच्या सुमारास मायनर यांचें मन धर्माकडे वळलें. तेहतिसाव्या वर्षापर्यंत निरक्षर असलेला हा गृहस्थ पुढें पवित्र शास्त्र वाचावयास शिकला.

१९०४ सालीं त्यांनीं आपल्या आवारांतील तळ्यांत पंख छाटलेले सात हंस सोडले. त्यांना पाहून आकाशांतून जाणारे रानहंस खालीं उतरावे, हा हेतु. शेजाऱ्यांनीं थट्टा केली. चार वर्षें वाट पाहिल्यावर, १९०८ सालीं अकरा रानहंस उतरले. पुढें ते हजारोंनीं येऊं लागले.

१९०९ सालच्या ऑगस्टांत त्यांनीं एका रानबदकाच्या पायांत आपला पत्ता कोरलेली कडी घातली. पुढील जानेवारींत तें बदक शेंकडों मैलांवर, दक्षिण कॅरोलायनांत मारलें गेलें. परंतु कडीची वार्ता मायनर यांस पोंचली आणि बदकें हिंवाळ्यांत कोठें जातात, ह्याचा पुरावा मिळाला. नंतर अशा कड्यांवर ते शास्त्रांतील एकेक वचनहि उमटवूं लागले. दूर हडसन उपसागराच्या कांठचे शिकारी त्या कड्या मिशनरी लोकांकडे आणून वचनाचा अर्थ विचारीत.

त्यांच्या कार्यांत एक उणेंहि होतें. ससाणे, घुबडें व कावळे हे पक्ष्यांचे वैरी समजून त्यांना ते मारीत. त्याबद्दल कांहीं शास्त्रज्ञांनीं त्यांना दोष दिला. शिकारी पक्ष्यांचेंहि सृष्टींत काम आहे, हें आज सर्वमान्य आहे.

१९४४ सालीं ते निवर्तले. १९४७ सालीं कॅनडाच्या पार्लमेंटानें त्यांच्या जन्मदिवसाचा आठवडा वन्यजीवांसाठीं नेमून दिला.

विद्यार्थिमित्रहो, थंडींत आपल्याहि तळ्यांवर उत्तरेकडून रानबदकें येतात. गोफण हातीं घेण्यापूर्वीं तीं किती दूरून आलीं, ह्याचा क्षणभर विचार करा. ज्याला आपली चूक उमगली, त्याला उशीर झाला तरी नवें कार्य आरंभितां येतें, हें मायनर यांच्या चरित्रावरून दिसतें.