तीन पौंडांचा शब्द

दसरा उलटला की आमच्या बीड जिल्ह्यातले रस्ते बोलू लागतात. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर, कुठूनही निघा, ट्रकमागून ट्रक दिसतात. ट्रकमध्ये चुलीची तीन दगडं, पत्र्याची पेटी, बांधलेली गोधडी, शेरडू आणि झोपलेली लेकरं. ही माणसं ऊसतोडीला चाललेली असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची म्हणून सहा महिने पाचटाच्या कोपीत काढायचे.

मी बँकेत अधिकारी होतो. नोकरीची उमेदीची वर्षं याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेली. एका दुपारी माझ्या टेबलासमोर एक मुकादम बसला होता आणि त्याच्यामागे एक जोडपं उभं होतं. पाळीत नवरा आजारी पडला होता आणि उचल फिटायची राहिली होती. मुकादम माझ्यादेखत म्हणाला की, राहिलेली बाकी सोडून दिली. बाईनं पदर डोळ्यांना लावला. पुढच्या दसऱ्याला तोच मुकादम तीच बाकी मागायला तिच्या दारात उभा राहिला. ती बाई बँकेत आली. साहेब, तुमच्यासमोरच बोलला होता ना, एवढंच तिचं म्हणणं. मी तिला सांगितलं, बाई, बँकेचा त्यात काही संबंध येत नाही. कागद असता तर गोष्ट वेगळी. ती काही न बोलता गेली.

मी नियमानं बरोबर होतो. तरी नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांचं चरित्र पुन्हा वाचताना मला ती बाईच आठवत राहते. कारण दूर आफ्रिकेतल्या खाणींच्या मुलखात गोखल्यांच्या समोरही एकदा असाच शब्द दिला गेला होता, आणि तोही कागदावर नव्हता.

गोखले म्हटलं की आपल्याला पुण्याची पगडी, गळ्यातलं उपरणं आणि विधिमंडळातली अंदाजपत्रकावरची भाषणं आठवतात. त्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. वडील लवकर गेले. थोरल्या भावानं शिक्षण सोडून नोकरी धरली आणि पंधरा रुपयांच्या पगारातून आठ रुपये गोपाळला पाठवले. अठराव्या वर्षी ते पदवीधर झाले, पुण्यात शिक्षक झाले. त्यांचं अंकगणिताचं पुस्तक कित्येक वर्षं शाळांतून चाललं. हिशेबाला चोख आणि शब्दाला हळवा, असा हा माणूस.

शब्दाची एक जखम त्यांना तरुणपणीच झाली होती. १८९७ साली ते इंग्लंडमध्ये असताना पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताचा कहर चालला होता. मित्रांच्या पत्रांवर विसंबून त्यांनी गोऱ्या सोजिरांच्या अत्याचारांची हकीकत तिथे जाहीर केली. मुंबईला परतल्यावर पुरावा मागितला गेला. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं उघड करायची नाहीत, आणि नावांशिवाय पुरावा नाही. त्यांनी जाहीर माफी मागितली. स्वकीयांनी त्यांना फार झोडपलं. ऐकीव गोष्टीवर विसंबल्याची किंमत या माणसानं एकदा मोजलेली होती, हे पुढच्या गोष्टीसाठी ध्यानात ठेवायला हवं.

आता आफ्रिकेकडे वळू. १८६० सालच्या नोव्हेंबरात ट्रूरो नावाचं जहाज मद्रासहून डर्बनच्या बंदराला लागलं. त्यातून उतरलेली माणसं नाताळातल्या गोऱ्या मळेवाल्यांचा ऊस तोडायला आणलेली होती. पुढच्या पन्नास वर्षांत अशी दीड लाख माणसं तिथे गेली; बहुतेक तमिळ, तेलुगू आणि उत्तरेकडली. पाच वर्षांचा करार असे. इंग्रजी अ‍ॅग्रिमेंटचं त्यांच्या तोंडी गिरमिट झालं आणि ती माणसं गिरमिटिये झाली. गावोगाव फिरून माणसं गोळा करणाऱ्याला आरकाटी म्हणत. पगार पहिल्या वर्षी महिना दहा शिलिंग, मग दर वर्षाला एकेक शिलिंग वाढ. उसाच्या मळ्यांबरोबर उत्तर नाताळात न्यूकॅसल आणि डंडीच्या आसपासच्या कोळशाच्या खाणींतही हे लोक राबू लागले. ड्रेकेन्सबर्ग पर्वताच्या पायथ्याचा तो थंड, ओसाड मुलूख. घर खाणमालकाचं, दिवा खाणमालकाचा, पाणीही खाणमालकाचं.

करार संपला की त्यांनी परत जावं किंवा पुन्हा गिरमिटात शिरावं, अशी गोऱ्यांची इच्छा. म्हणून १८९५ साली नाताळनं कायदा केला. करार संपवून तिथेच राहणाऱ्यानं दरवर्षी तीन पौंड भरायचे. बायकोचे वेगळे, सोळा वर्षांवरच्या मुलाचे वेगळे, तेरा वर्षांवरच्या मुलीचे वेगळे. तीन पौंड म्हणजे साठ शिलिंग, म्हणजे नव्या गिरमिटियाची सहा महिन्यांची कमाई. घरात नवरा, बायको आणि दोन मोठी मुलं असली तर वर्षाला बारा पौंड. हा आकडा कर म्हणून लावलेला नव्हताच. माणसानं पुन्हा मालकाच्या दारात यावं, यासाठी तो होता. उचल आणि तीन पौंडांचा कर, दोन्हींचं गणित मला एकाच वहीतलं वाटतं.

गोखल्यांनी हे गणित वाचलं होतं. फेब्रुवारी १९१० मध्ये त्यांनी कलकत्त्याच्या विधिमंडळात ठराव आणला आणि नाताळला मजूर पाठवणं सरकारला १९११ च्या जुलैपासून बंद करावं लागलं. गिरमिटाची सगळी पद्धतच मोडावी हा त्यांचा १९१२ चा ठराव मात्र सरकारी मतांनी पडला. मग प्रत्यक्ष जाऊन पाहायचं ठरलं. मधुमेहानं शरीर पोखरलेलं, वय शेहेचाळीस. २२ ऑक्टोबर १९१२ रोजी ते केपटाउनला उतरले. न्यायला गांधीजी आले होते.

पुढले चार आठवडे त्यांनी तो देश पालथा घातला. सरकारनं प्रवासाला रेल्वेचा खास डबा दिला. हिऱ्यांचं किंबर्ली झालं आणि मग आलं सोन्याचं जोहान्सबर्ग. सोनं सापडलं १८८६ साली आणि पाव शतकात माळरानावर शहर उभं राहिलं. त्या शहरात भारतीयांच्या वाट्याला वेगळी वस्ती, वेगळा परवाना आणि बोटांचे ठसे. तिथल्या हिंदी लोकांनी गोखल्यांना मानपत्र दिलं तेही रँडच्या सोन्याच्या पत्र्यावर, ऱ्होडेशियातल्या सागवानावर बसवलेलं.

मानपत्रापेक्षा मला दुसरी एक गोष्ट मोठी वाटते. जोहान्सबर्गला कोकणी मुसलमानांची काही घरं होती आणि थोडे महाराष्ट्रीय हिंदूही होते. गोखल्यांनी मराठीत बोलावं, असा त्यांचा हट्ट. गांधीजींनी तो गोखल्यांपुढे मांडला आणि मी भाषांतर करतो म्हणाले. गांधीजींची हिंदुस्तानी गोखल्यांना ठाऊक होती, त्यांना हसू आलं. मराठी तुम्हाला कुठून येते, हीही शंका. शेवटी ते बोलले. सभा समजली, सगळे खूश झाले. मग तिथून झांजिबारपर्यंत आपल्या लोकांच्या सभांत गोखले मराठीतच बोलले. घरापासून हजारो मैलांवर, सोन्याच्या खाणींच्या शहरात, दापोली-रत्नागिरीकडच्या त्या माणसांच्या कानावर आपली बोली पडली असेल, तेव्हा त्यांना काय वाटलं असेल!

आणखी एक घरगुती प्रसंग. जोहान्सबर्गच्या मेजवानीला गळ्यात घालायचं उपरणं चुरगळलं होतं. ते न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेलं, गोखल्यांच्या जिवाचं. धोब्याकडे द्यायला वेळ नाही. गांधीजींनी इस्त्री करतो म्हटलं, तर गोखल्यांचा त्यांच्या वकिलीवर विश्वास, इस्त्रीवर नाही. अखेर गांधीजींनी इस्त्री केलीच आणि ती चांगली उतरली. टॉल्स्टॉय फार्मवर जाताना मात्र स्टेशनापासून दीड मैल चालवलं, वाटेत पाऊस आला, आणि पाहुण्याला थंडी बाधली. तिथे सगळे जमिनीवर झोपतात असं कळल्यावर गोखल्यांनी आपलंही अंथरूण जमिनीवरच घालायला लावलं.

१४ नोव्हेंबरला प्रिटोरियात त्यांची जनरल बोथा आणि जनरल स्मट्स यांच्याशी भेट ठरली. आदल्या रात्री त्यांनी गांधीजींकडून चारही वसाहतींतल्या वीस वर्षांच्या कायद्यांचा गोषवारा मागितला आणि बारीकसारीक प्रश्न विचारून तो घोटून घेतला. बँकेच्या तपासणीला जाणारा अधिकारीही एवढी तयारी करत नाही. भेटीहून ते परतले ते समाधानानं. काळा कायदा जाईल, तीन पौंडांचा कर उठेल, तुम्ही वर्षभरात हिंदुस्थानात या, असं त्यांनी गांधीजींना सांगितलं. गांधीजींना त्या मंत्र्यांचा अनुभव होता, त्यांना खात्री वाटेना.

इथे माझ्यातला बँकवाला अस्वस्थ होतो. १८९७ ची जखम अंगावर असलेल्या माणसानं कागद का नाही घेतला? पण देशाच्या मंत्र्यांनी समोरासमोर दिलेल्या शब्दावर सही मागणं त्यांच्या रीतीत बसणारं नव्हतं. १९१३ साली स्मट्सनी पार्लमेंटात सांगितलं की नाताळचे गोरे राजी नाहीत, कर उठवता येणार नाही. असं वचन दिलंच नव्हतं, अशीही भाषा सुरू झाली.

गोखले म्हणू शकले असते की माझा त्यात काही संबंध येत नाही. ते तसं म्हणाले नाहीत. गांधीजींनीही हा अपमान एकट्या गोखल्यांचा मानला नाही आणि तोवर लढ्यात नसलेला तीन पौंडांचा कर लढ्यात आणला.

ऑक्टोबर १९१३ मध्ये ट्रान्सव्हालच्या अकरा बायका न्यूकॅसलला गेल्या आणि खाणीतल्या लोकांशी बोलल्या. खाणी बंद पडू लागल्या. मालकांनी दिवे आणि पाणी तोडलं. लोकांनी पोटलं बांधलं, पोरं काखोटीला मारली आणि मालकाची घरं सोडली. दिवसाला दीड पौंड पाव आणि थोडी साखर हा शिधा. वाटेत दोन तान्ही मुलं गेली. एक थंडीवाऱ्यानं, दुसरं ओढा ओलांडताना आईच्या हातून निसटून. आया थांबल्या नाहीत. ६ नोव्हेंबरला २,०३७ पुरुष, १२७ बायका आणि ५७ मुलं सरहद्द ओलांडून ट्रान्सव्हालमध्ये शिरली. चार दिवसांत गांधीजींना तीनदा अटक झाली. मजुरांना गाड्यांत कोंबून परत नेलं, खाणींची आवारंच तुरुंग म्हणून जाहीर केली आणि खाणीतल्या गोऱ्या नोकरांना त्यांचे पहारेकरी केलं. मग संप किनाऱ्यावरच्या उसाच्या मळ्यांत पसरला. तिथे गोळीबार झाले, माणसं मेली.

इकडे गोखल्यांना डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. ते गावोगाव निधी गोळा करत फिरले. रोज तारा येत, रोज तारा जात. नोव्हेंबरातच व्हाइसरॉय हार्डिंग यांनी मद्रासला उघडपणे या मजुरांची बाजू घेतली. अँड्र्यूज आणि पिअर्सन यांना गोखल्यांनी आफ्रिकेला धाडलं. चौकशी आयोगापुढे साक्ष द्यावी की नाही, यावर त्यांचं आणि गांधीजींचं पटलं नाही, तरी पाठिंबा त्यांनी काढून घेतला नाही. १९१४ च्या मध्यावर कायदा झाला. तीन पौंडांचा कर गेला, थकलेली बाकीसुद्धा माफ झाली, आणि या वेळी ते कागदावर होतं.

एक गोष्ट आज नोंदवायला हवी. त्याच खाणींत आफ्रिकेतले काळे मजूर संख्येनं कितीतरी जास्त होते. त्यांची दाद या लढ्यात नव्हती. त्यांना पुढे फार वर्षं वाट पाहावी लागली.

गोखल्यांना वाट पाहायला वेळच उरला नव्हता. ९ जानेवारी १९१५ ला गांधीजी मुंबईला उतरले. पुण्यात भारत सेवक समाजाच्या आवारात त्यांच्यासाठी छोटा समारंभ होता, तिथे यायला निघालेले गोखले चक्कर येऊन पडले. १९ फेब्रुवारीला ते गेले. वय अवघं अठ्ठेचाळीस. वर्षभर देश पाहायचा आणि सार्वजनिक प्रश्नांवर बोलायचं नाही, असा शब्द त्यांनी गांधीजींकडून घेतला होता. त्याचाही कागद नव्हता आणि विचारणारा माणूसही उरला नव्हता. गांधीजींनी तो पाळला. पुढे १९१७ साली गिरमिटाची भरतीच थांबली.

परवा धारूरच्या घाटात माझी गाडी ट्रकांच्या रांगेमागे अडकली. पुढच्या ट्रकमधलं एक पोर माझ्याकडे बघून हात हलवत होतं. मीही हलवला. त्याच्या आईनं कुणाच्या तरी शब्दावर घर सोडलं असणार. ती बाई बँकेत आली, त्या दिवशी मला साक्ष द्यायला कुठलाही नियम आडवा आला नव्हता. मुकादमाला बोलावून एवढंच म्हणायचं होतं, की तुम्ही बोललात, मी ऐकलं आहे. गोखल्यांनी ते दोन जनरलांना ऐकवलं, आणि मला ते एका मुकादमाला सांगता आलं नाही.