गाडगेबाबांचा आज्ञार्थ

अमरावतीजवळच्या वलगावला, पेढी नदीच्या काठी, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबा गेले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा अवघे चौदा दिवस झाले होते. बहुजन समाज एकाच महिन्यात दोनदा पोरका झाला.

मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ शिकवतात : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. वकिलाला हा फरक रोज तोलावा लागतो. 'करावे' आणि 'करता येईल' यांच्यामध्ये गरिबाचा हक्क अडकलेला असतो. मनुस्मृतीची घडवलेली भाषा विध्यर्थावर उभी आहे : कोणी काय करावे, काय करू नये. गावकुसाबाहेर पोहोचेपर्यंत त्याचा आज्ञार्थ होई : झाड, उचल, दूर हो!

डेबूजी झिंगराजी जानोरकर हे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावला परिटाच्या घरी जन्मले. दारूने वडील गेले. बालपण दापुऱ्याला मामाच्या घरी, गुराढोरांत आणि शेतीत गेले. शाळा मिळाली नाही. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. मग अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि गाडगे. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात प्रश्न विचारून लोकांची डोकी झाडायची. पोरांना शिकवा, दारू आणि कर्ज टाळा, देवापुढे बकरे कापू नका, शिवाशीव सोडा, हाच त्यांचा आज्ञार्थ. तो लोकांना पटला, कारण खराटा आधी त्यांच्याच हातात होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. त्यांच्या लेखी धर्म म्हणजे शिक्षण होते.

२००० पासून शासनाने त्यांच्या नावाने स्वच्छता अभियान राबवले. खराटा घेतला, प्रश्न मात्र सोयीस्करपणे विसरले! राज्यघटनेचे सतरावे कलम अस्पृश्यता पाळू नये असे सुचवीत नाही, ती नष्ट झाली असे ठामपणे सांगते. हा स्वार्थ आहे. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी आहे. तरीही माणसे गटारात गुदमरून मरतात, आणि ती बहुतांशी आपलीच असतात. कागदावरचा स्वार्थ गटारात खोटा ठरतो.

म्हणून २० डिसेंबरला हार घालून थांबू नका. आपापल्या नगरपालिकेला लेखी अर्ज देऊन विचारा : आमच्या गावच्या गटारात कोण उतरतो, आणि कोणाच्या आज्ञेने?