ॲना लिओनोवेन्स

ॲना हॅरिएट लिओनोवेन्स (जन्मनाव: ॲन हॅरिएट एमा एडवर्ड्स, २६ नोव्हेंबर १८३१, अहमदनगर – १९ जानेवारी १९१५, माँट्रियल, कॅनडा) या एकोणिसाव्या शतकातील शिक्षिका, प्रवासवर्णनकार आणि स्त्रियांच्या मताधिकाराच्या पुरस्कर्त्या होत्या. सयामचे (आताचे थायलंड) राजे मोंगकुट यांच्या राण्यांना व मुलांना त्यांनी १८६२ ते १८६७ या काळात इंग्रजी शिकवले. त्यांच्या आठवणींवरून पुढे कादंबरी, संगीतिका आणि अनेक चित्रपट निर्माण झाले व त्यांचे नाव जगभर पोहोचले. मात्र त्यांचा जन्म दख्खनमधील एका लष्करी छावणीत झाला होता, ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर लपवली. ती त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी उजेडात आली.

जन्म आणि बालपण

ॲना यांचे वडील थॉमस एडवर्ड्स हे मूळचे इंग्लंडमधील सुतारकाम करणारे कारागीर. ईस्ट इंडिया कंपनीच्या सॅपर्स अँड मायनर्स दलात ते सार्जंट होते. ॲना यांच्या जन्माच्या सुमारे तीन महिने आधीच त्यांचे निधन झाले. आई मेरी ॲन ग्लासकॉट या मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीतील लेफ्टनंट विल्यम व्हॉड्री ग्लासकॉट यांच्या कन्या होत्या. आजोबांचे नाव व हुद्दा कागदोपत्री मिळतो, आजीचे नाव मात्र कोठेही आढळत नाही. ती भारतीय किंवा अँग्लो-इंडियन असावी, असे बहुतेक चरित्रकारांचे मत आहे.

त्या काळी अहमदनगर हे कंपनीचे महत्त्वाचे लष्करी ठाणे होते. पूर्वेला लागून असलेला बीडचा मुलूख निजामाच्या राज्यात मोडत असे. छावणीत दोन लहान मुली पदरी असलेल्या सार्जंटच्या विधवेला पुनर्विवाहावाचून फारसा पर्याय नसे. मेरी ॲन यांनी लवकरच पॅट्रिक डोनोहो या आयरिश शिपायाशी लग्न केले. सावत्र वडिलांच्या बदल्यांबरोबर कुटुंब ठिकठिकाणी फिरत राहिले आणि अखेरीस पुण्यात स्थिरावले. ॲना यांचे शिक्षण बहुधा भायखळ्याच्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत झाले. लष्करातील मृत वा दूर गेलेल्या वडिलांच्या मिश्रवंशीय मुलांना या शाळेत प्रवेश मिळत असे. एका परीने त्यांच्या पुढील आयुष्याची शिदोरी येथेच बांधली गेली, कारण पुढे त्यांनी जे जगाला विकले ते इंग्रजी त्यांना मुंबई इलाख्यातच मिळाले होते.

विवाह आणि स्थलांतर

२५ डिसेंबर १८४९ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, ॲना यांनी पुण्यात थॉमस लिऑन ओवेन्स यांच्याशी विवाह केला. थॉमस हे आयर्लंडमधून आलेले साधे कारकून होते. पुढे त्यांचे मधले नाव व आडनाव एकत्र होऊन ‘लिओनोवेन्स’ हे आडनाव तयार झाले. पहिली मुलगी सेलिना दीड वर्षाचीही होण्यापूर्वी दगावली. त्यानंतर, १८५२ मध्ये, हे दांपत्य सिंगापूरमार्गे पश्चिम ऑस्ट्रेलियाकडे निघाले. वाटेत जहाजावरच मुलगा झाला. मार्च १८५३ मध्ये ते पर्थला पोहोचले.

पर्थमध्ये पतीला वसाहतीच्या कारभारात कारकुनी मिळाली, तर ॲना यांनी मुलींसाठी शाळा काढण्याचा प्रयत्न केला. पतीच्या मागोमाग परक्या मुलखात जाऊन शिकवण्यावर प्रपंचाला हातभार लावण्याचा हा त्यांचा पहिला प्रसंग. शाळेला यश आले नाही. जहाजावर जन्मलेला मुलगाही तेरा महिन्यांचा होऊन गेला. एव्हिस ही मुलगी व लुई हा मुलगा ऑस्ट्रेलियातच जन्मले आणि जगले. १८५७ मध्ये कुटुंबाने ती वसाहत सोडली. थॉमस पेनांगमध्ये हॉटेल चालवू लागले आणि मे १८५९ मध्ये तेथेच अकस्मात मरण पावले. त्या वेळी ॲना सत्तावीस वर्षांच्या होत्या.

नवी ओळख

विधवा झालेल्या ॲना दोन मुलांसह सिंगापूरला आल्या आणि त्यांनी ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी शाळा उघडली. याच सुमारास त्यांनी आपला पूर्वेतिहास नव्याने रचला. या नव्या कथेनुसार त्यांचा जन्म वेल्समधील कार्नार्व्हन येथे १८३४ साली झाला होता. वडील कॅप्टन क्रॉफर्ड लढाईत पडले होते, पती लष्करात मेजर होते आणि वाघाच्या शिकारीनंतर उष्माघाताने वारले होते. यांपैकी एकही गोष्ट खरी नव्हती.

या बनावाकडे केवळ खोटेपणा म्हणून पाहणे अपुरे ठरेल. वसाहतीच्या समाजात शिपायाची मुलगी, तीही भारतात जन्मलेली आणि मिश्र रक्ताची, ‘लेडी’ मानली जात नसे आणि साहेबांच्या मुलांना शिकवण्यास पात्र ठरत नसे. सिंगापूरमध्ये त्यांना ओळखणारे फार कोणी नव्हते, हे त्यांच्या पथ्यावर पडले. किंमतही मोठी होती. सख्खी बहीण एलायझा आणि सर्व माहेर यांच्याशी त्यांनी कायमचे संबंध तोडले. ‘फ्रँकेन्स्टाइन’ चित्रपटातील प्रसिद्ध अभिनेते बोरिस कार्लोफ हे या बहिणीचे पणतू नव्हे, तर नातू होते.

सयाममधील कार्य

राजे मोंगकुट (१८०४–१८६८) हे राज्यावर येण्यापूर्वी सत्तावीस वर्षे बौद्ध भिक्खू होते. लॅटिन व इंग्रजी त्यांनी मिशनऱ्यांकडून आत्मसात केली होती. त्यांच्या राजवटीच्या आरंभी मिशनऱ्यांच्या पत्नी अंतःपुरात शिकवण्यास येत. पण भाषेसोबत धर्मप्रचारही होऊ लागल्याने तो उपक्रम बंद पडला. धर्मांतराच्या प्रयत्नांविना केवळ भाषा व आधुनिक विद्या शिकवणारी शिक्षिका राजांना हवी होती. सयामचे सिंगापूरमधील प्रतिनिधी तान किम चिंग यांच्यामार्फत ॲना यांची निवड झाली. वेतन दरमहा १०० डॉलर ठरले. एव्हिसला इंग्लंडमधील शाळेत धाडून, लहानग्या लुईसह त्या मार्च १८६२ मध्ये बँकॉकला पोहोचल्या.

त्यांच्या विद्यार्थ्यांत युवराज चुलालोंगकॉर्न होते, त्या वेळी आठ वर्षांचे. शिकवण्याबरोबरच राजांच्या इंग्रजी पत्रव्यवहाराचे कामही ॲना पाहू लागल्या. वेतनवाढीवरून व राजवाड्याबाहेरील निवासावरून त्यांचे राजांशी खटके उडत. १८६८ मध्ये त्या रजेवर असताना मोंगकुट यांचे निधन झाले. नव्या राजांनी आभाराचे पत्र पाठवले, परंतु परत बोलावले नाही.

चुलालोंगकॉर्न यांनी १८७३ मध्ये राजापुढे लोटांगण घालण्याची प्रथा बंद केली आणि १८७४ पासून १९०५ पर्यंत टप्प्याटप्प्याने गुलामगिरी नष्ट केली. या सुधारणांचे श्रेय ॲना आपल्या शिकवणीकडे घेत. थायलंडमधील इतिहासकारांना हे मान्य नाही. सुधारणांची दिशा मोंगकुट यांच्याच काळात ठरली होती, असे ते दाखवून देतात.

लेखन

१८६९ मध्ये ॲना न्यूयॉर्कला गेल्या व स्टेटन आयलंडवर त्यांनी मुलींची शाळा चालवली. ‘द इंग्लिश गव्हर्नेस ॲट द सायामीज कोर्ट’ (१८७०) व ‘द रोमान्स ऑफ द हॅरेम’ (१८७३) या पुस्तकांनी त्यांना कीर्ती मिळाली. अंतःपुरातील स्त्रियांची कोंडी व गुलामगिरी यांविषयी त्यांनी कळकळीने लिहिले आहे. तपशिलाच्या बाबतीत मात्र ही पुस्तके जपून वाचावी लागतात. दुसऱ्या पुस्तकात एका रखेलीला जाहीरपणे जिवंत जाळल्याची कथा येते, तिला अन्यत्र कोणताही आधार नाही. त्यांनी वर्णिलेली तळघरातील अंधारकोठडी बँकॉकच्या पाणथळ जमिनीत असणे कठीण आहे.

‘लाइफ अँड ट्रॅव्हल इन इंडिया’ (१८८४) या पुस्तकात त्यांनी मुंबई, पुणे आणि दख्खनचा रेल्वेपूर्व काळातील प्रवास रंगवला आहे. मराठी वाचकाला या पुस्तकाचे विशेष वाटावे, कारण लेखिका आपल्याच जन्मभूमीत विलायतेहून नुकतीच उतरलेली पाहुणी म्हणून वावरते.

उत्तरायुष्य

एव्हिसचा विवाह बँकर थॉमस फिश यांच्याशी झाल्यावर ॲना कॅनडातील हॅलिफॅक्स येथे मुलीकडे राहू लागल्या. १८८७ मध्ये तेथील व्हिक्टोरिया स्कूल ऑफ आर्ट अँड डिझाइनच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. स्त्रियांच्या मताधिकारासाठीही त्यांनी काम केले. १८९७ मध्ये लंडनला त्यांची व राजे चुलालोंगकॉर्न यांची तीस वर्षांनी भेट झाली. लुई सयामला परतून सागवानाच्या व्यापारात शिरले.

वयाच्या ८३व्या वर्षी माँट्रियल येथे ॲना यांचे निधन झाले. माउंट रॉयल दफनभूमीतील त्यांच्या थडग्यावर पतीचा उल्लेख मेजर असाच आहे.

मरणोत्तर प्रसिद्धी आणि सत्यशोधन

मार्गारेट लँडन यांच्या ‘ॲना अँड द किंग ऑफ सयाम’ (१९४४) या कादंबरीवरून १९५१ मध्ये ‘द किंग अँड आय’ ही संगीतिका रंगभूमीवर आली. १९५६ साली तिचा चित्रपट निघाला. मोंगकुट यांचे चित्रण अवमानकारक मानले गेल्याने थायलंडमध्ये या कलाकृतींना विरोध झाला, आणि १९९९ चा ‘ॲना अँड द किंग’ हा चित्रपटही तेथे प्रतिबंधित झाला.

लुई यांचे चरित्र लिहिताना डब्ल्यू. एस. ब्रिस्टो या ब्रिटिश कोळीतज्ज्ञांना ॲना यांच्या जन्माची वेल्समध्ये नोंद सापडेना. त्यांनी शोध भारताकडे वळवला आणि १९७६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे सुझन मॉर्गन (२००८) व आल्फ्रेड हाबेगर (२०१४) यांच्या चरित्रांनी अहमदनगर व पुण्यातील वर्षांचा तपशील भरून काढला. हॅलिफॅक्सच्या कला विद्यापीठातील कलादालनाला आजही ॲना लिओनोवेन्स यांचे नाव आहे.