हात धुण्याचा हुकूम

१८४६ साली व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. कोणत्या विभागात दाखल व्हायचे हे वारावर ठरे. पहिल्याचा वार आला की बायका हातापाया पडून दुसरा विभाग मागत, कारण पहिल्यात बाळंतज्वराने शंभरातल्या दहाच्या आसपास दगावत, दुसऱ्यात चारांहून कमी.

त्याच वर्षी पहिल्या विभागात साहाय्यक झालेल्या इग्नाझ सेमेलवाइस या हंगेरियन डॉक्टरांना हा फरक स्वस्थ बसू देईना. मार्च १८४७ मध्ये त्यांचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का यांचे बोट शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याच्या सुरीने कापले आणि त्यातच ते गेले. त्यांच्या शरीरात आढळलेल्या खुणा बाळंतिणींसारख्याच होत्या. दुवा सापडला. डॉक्टर आणि विद्यार्थी शवागारातून थेट बाळंतिणींना तपासायला येत, सुईणी शवागारात जातच नसत.

मे महिन्यात हुकूम निघाला: ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय कुणी बाळंतिणीला तपासायचे नाही. एप्रिलमध्ये अठरा टक्क्यांवर गेलेले मृत्यू जूनमध्ये दोनच्या आसपास आले. जंतूंचा सिद्धांत तेव्हा सिद्ध झालेला नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे या निरीक्षणाची किंमत कळते.

विभागातला बदल झाला, पण वैद्यक व्यवसायातला अडला. हात धुण्याचा त्रास किरकोळ होता. आपल्याच हातांनी इतक्या बायका मेल्या, हे कबूल करणे डॉक्टरांना जड होते. विभागप्रमुख क्लाइन यांनी श्रेय हवा खेळती ठेवण्याच्या नव्या सोयीला दिले. १८४९ मध्ये सेमेलवाइस यांची मुदत वाढवली गेली नाही. श्कोडा, हेब्रा, रोकितान्स्की ही त्या शहरातली वजनदार माणसे त्यांच्या बाजूची होती. हेब्रांनी तर त्यांच्या शोधाबद्दल लिहिलेही. स्वतः सेमेलवाइस मात्र लिहायला बसेनात. साथीदारांना धरून ठेवण्याची, ज्यांची चूक दाखवायची त्यांनाही सोबत घेण्याची कला त्यांच्याकडे नव्हती. १८५० मध्ये मित्रांचा निरोपही न घेता ते पेश्टला निघून गेले.

तिथल्या सेंट रोकुस रुग्णालयात त्यांनी तीच शिस्त लावली आणि बाळंतज्वराचे मृत्यू एक टक्क्याच्या खाली आणले. पुस्तक आले ते १८६१ मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनी. त्यावर टीका होताच त्यांनी नामवंत प्राध्यापकांना जाहीर पत्रे लिहून खुनी ठरवले. जे कुंपणावर होते, तेही यामुळे दुरावले असतील.

जुलै १८६५ मध्ये मानसिक तोल ढळलेल्या सेमेलवाइस यांना व्हिएन्नाच्या वेड्यांच्या रुग्णालयात ठेवण्यात आले. तिथे त्यांना मारहाण झाली. दोन आठवड्यांनी, १३ ऑगस्टला, जखमेतून रक्तात विष पसरून ते गेले. वय होते ४७.