ब्राउझरमधल्या कुलपामागची आयडिया ज्याला सुचली, त्या जेम्स एलिसला आयुष्यभर गप्प बसावं लागलं

एखादी वेबसाईट उघडायला जावं आणि समोर थेट इशारा यावा, की हे कनेक्शन सुरक्षित नाही. असं तुमच्यासोबतही कधीतरी झालंच असेल. बऱ्याचदा त्या साईटच्या सिक्युरिटी सर्टिफिकेटची मुदत संपलेली असते, नाहीतर ते दुसऱ्याच नावावर असतं.

या सगळ्याच्या मुळाशी जी आयडिया आहे, तिच्यावरचा पहिला रिपोर्ट लिहिला होता एका ब्रिटिश सरकारी नोकराने, जेम्स एलिसने.

एलिसचा जन्म १९२४ चा, ऑस्ट्रेलियातला. पण तो वाढला लंडनच्या ईस्ट एंडमध्ये, आजी-आजोबांकडे. इम्पीरियल कॉलेजमधून फिजिक्स शिकला, पोस्ट खात्याच्या संशोधन केंद्रात काम केलं आणि १९५२ मध्ये जीसीएचक्यू या ब्रिटनच्या गुप्तहेर संस्थेत दाखल झाला.

तेव्हा गुप्त संदेशांची मोठी डोकेदुखी होती चावी. संदेश पाठवणारा आणि घेणारा, दोघांकडे एकच चावी आधीपासून हवी. ती सुरक्षित पोहोचवायची म्हणजे माणसं आली, खर्च आला, धोकाही आला. याला दुसरा मार्गच नाही, असं सगळे धरून चालले होते.

१९६९ मध्ये एलिसच्या हाती दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला बेल कंपनीचा एक जुना रिपोर्ट लागला. फोनवर ऐकणाऱ्यानेच लाईनवर गोंगाट सोडायचा आणि नंतर तो वजा करायचा, अशी त्यातली युक्ती होती. म्हणजे गुप्तता राखायचं काम घेणाराही करू शकतो! एका रात्री अंथरुणात पडल्या पडल्या एलिसला कोडं सुटलं.

टपालपेटी आठवा. पत्र कुणीही टाकू शकतं, उघडू शकतो तो फक्त चावीवाला. तशीच एक चावी जगजाहीर ठेवायची, दुसरी स्वतःजवळ.

जानेवारी १९७० मध्ये त्याने हे कागदावर मांडलं. पण प्रत्यक्षात उतरवणारं गणित त्याला सापडेना. ते सापडलं १९७३ मध्ये, नव्याने रुजू झालेल्या क्लिफर्ड कॉक्सला. पुढच्याच वर्षी माल्कम विल्यमसनने चावी ठरवण्याची आणखी एक पद्धत शोधली. पण हे सगळं राहिलं फायलीत बंद.

इकडे अमेरिकेत १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी तीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी आरएसए आणलं. जगभर त्यांचं नाव झालं. एलिस गप्पच राहिला, कारण गुप्ततेचा नियम होता. १९८६ मध्ये तो रिटायर झाला. १९८७ मध्ये त्याने या शोधाची हकीकत लिहून काढली, तीही गुप्तच राहिली.

मधल्या काळात एक प्रश्न मात्र उरला होता. समोरची टपालपेटी खरी कशावरून? कुणी चोराने तसाच लाल रंग देऊन खोटी पेटी ठेवली तर? १९७८ मध्ये एमआयटीच्या लोरेन कोनफेल्डर या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात उत्तर दिलं, सर्टिफिकेट. म्हणजे ही जाहीर चावी याचीच आहे, असं सांगणारा भरवशाच्या संस्थेचा शिक्का.

मुदत संपली की हा शिक्का ग्राह्य धरला जात नाही आणि ब्राउझर अडवतो. साईट हॅकच झाली आहे असं नाही, पण पेटी खरी की खोटी हे सांगता येत नाही. म्हणूनच तिथे पासवर्ड टाकायचा नसतो.

२५ नोव्हेंबर १९९७ रोजी एलिस वारला. तोवर इंटरनेटवर खरेदी सुरू झाली होती आणि ब्राउझर याच तत्त्वावर चालत होते. डिसेंबरमध्ये, त्याला जाऊन महिनाही झाला नसताना, जीसीएचक्यूने गुपित उघड केलं आणि त्याची हकीकत जगासमोर आली.

२०१० मध्ये आयईईई या इंजिनियर्सच्या संघटनेने एलिस, कॉक्स आणि विल्यमसन यांच्या शोधाचा गौरव केला. तो बघायला एलिस नव्हता.