गुप्तरोगावर उघड बोलणारा माणूस : र. धों. कर्वे

तलमडुगु (वार्ताहर) : आपल्याकडं ‘तसला’ आजार झाला की माणूस गावातल्या डॉक्टरला दाखवत नाही. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून आदिलाबाद, नाहीतर पैनगंगेपलीकडचं पांढरकवडा गाठतो, तेही उशिरा. हीच लाज मोडायला शंभर वर्षांपूर्वी निघालेले रघुनाथ धोंडो कर्वे यांचा १४ ऑक्टोबर हा स्मृतिदिन.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव. जन्म १४ जानेवारी १८८२. पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा, यावर मराठीत पुस्तकही लिहिलं. कॉलेजला हे काम पसंत नव्हतं. कर्व्यांनी काम सोडलं नाही, १९२५ मध्ये नोकरी सोडली.

जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरावा लागला. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. तो खटलाही हरले, पण मासिक थांबलं नाही. पत्नी मालतीबाईंची साथ होती. १९५३ मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे २६ वर्षं, अंक निघत राहिला. आम्ही कॉमर्सवाले याला तोट्याचा धंदा म्हणू. पण जमेची बाजू समाजाच्या खात्यात पडली.

त्यांचा हिशेब सरळ होता. रोग जंतूंनी होतो, लपवला की वाढतो. तेव्हा गरमी-परम्यावर पेनिसिलिनही नव्हतं, ते १९४० नंतर आलं. आज औषध आहे, लाज मात्र तीच आहे.

हे आजार मुख्यतः असुरक्षित संबंधातून पसरतात. गरमी आणि एचआयव्ही दूषित रक्तातून आणि आईकडून बाळालाही होऊ शकतात. एका ताटात जेवल्यानं, शेजारी बसल्यानं होत नाहीत. गरमीची जखम न दुखता आपोआप भरते, पण रोग अंगात राहतो. बाईला तर बऱ्याचदा लक्षणच दिसत नाही. नवरा गुपचूप गोळ्या खातो, बायको तशीच राहते, आणि आजार परत घरात येतो. म्हणून तपासणी आणि उपचार दोघांनी सोबत घ्यावेत, कंडोम वापरावा.

सरकारी दवाखान्यातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणी मोफत होते, नाव गुप्त राहतं. एचआयव्हीबद्दल विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत नंबर आहे. कर्व्यांच्या स्मृतिदिनी हाराची गरज नाही. ज्याला त्रास आहे त्यानं दवाखान्यात जावं, जोडीदारालाही सोबत न्यावं.